आषाढ वद्य त्रयोदशी : नामदेवरायांची दुसरी भाषा



आज आषाढ वद्य त्रयोदशी. शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, याच तिथीला नामदेवरायांनी पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली, अशी वारकरी परंपरा आहे. म्हणून ज्ञानेश्वरीची रोजची ओवी आज नाही. आज नामदेवरायांचं चरित्र.

त्यातलं बरंचसं तुम्हाला आजीकडून, कीर्तनातून नाहीतर शाळेच्या पुस्तकातून माहीत असणार. ते मी भरभर सांगतो. मला थांबायचंय ते एकाच गोष्टीपाशी. हा मराठी माणूस परक्या मुलखात गेला, तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत आपल्या विठ्ठलाबद्दल बोलला, आणि त्या लोकांनी ते बोलणं इतकं जपलं की आज ते त्यांच्या गुरूच्या ठिकाणी असलेल्या ग्रंथाचा भाग आहे. हे जमलं कसं?

नामदेवरायांचा जन्म १२७० चा, कार्तिक शुद्ध एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरात शिंप्याचा धंदा. जन्मगाव कयाधू नदीकाठचं नरसी बामणी. काही जण जन्म पंढरपूरचा मानतात, पण घराणं नरसीचं. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात येतं, १९९९ पर्यंत ते परभणीत होतं. आम्हा नांदेडकरांना हिंगोली काय, परभणी काय, सगळं शेजारचंच. त्यामुळे नामदेव हे आमच्याकडे कुणी लांबचे संत नाहीत, गाववाले आहेत.

नैवेद्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. वडील घरी नाहीत, पोर नैवेद्याचं ताट घेऊन देवळात जातं, देव जेवत नाही म्हणून रडायला लागतं, पायरीवर डोकं आपटायला निघतं, आणि शेवटी देव जेवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

मग लग्न झालं, राजाई घरात आली. नारा, म्हादा, गोंदा, विठा ही चार मुलं आणि मुलगी लिंबाई. गंगाखेडची जनाबाई याच घरात वाढली. घर मोठं, खाणारी तोंडं भरपूर, आणि कर्ता माणूस सदा देवळात. गोणाई आणि राजाई दोघींनी विठ्ठलाशी भांडण मांडलं होतं, की तू आमचा माणूस पळवलास. गाथेत हे सगळं आहे. संतांच्या घरातली चिडचिड इतकी मोकळेपणाने दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते.

नंतर गोरोबाकाकांची ती परीक्षा. मडकी तपासायचं थापटणं घेऊन काका सगळ्या संतांच्या डोक्यावर थापट्या मारत गेले आणि नामदेव कच्चं मडकं निघाले. कारण गुरू केलेला नव्हता. रुसून पंढरपूरला आले तर देवानेच विसोबा खेचरांकडे पाठवलं. ही भेट औंढा नागनाथला झाली असं सांगतात. विसोबा पिंडीवर पाय टाकून पडलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, माझे पाय उचल आणि जिथे देव नसेल तिथे ठेव. नामदेव पाय उचलून जिथे नेतात तिथे पिंड.

गोष्ट म्हणून ही गोड आहेच, पण चरित्रात तिचं काम फार मोठं आहे. तोवर नामदेवांचा देव एका जागी होता, विटेवर. त्याच्यापासून लांब जायचं म्हटलं की यांचा जीव कासावीस व्हायचा. ज्ञानदेवांनी तीर्थयात्रेला सोबत चला म्हटलं तेव्हासुद्धा हे तयार नव्हते, देवाने समजूत घालून ज्ञानदेवांच्या हाती सोपवलं तेव्हा निघाले. तीर्थावळीच्या अभंगांत हे वर्णन आहे. असा माणूस पुढे पंजाबात जाऊन राहतो, ते पाय ठेवायला रिकामी जागा सापडली नाही म्हणून. देव इथेही आहे आणि तिथेही, मग भाषा तिथली का नको?

काळही बघा कसला. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली आणि त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३१८ पर्यंत यादवांचं राज्य संपलं. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानीच दौलताबादला आणली. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. नामदेवांनी ऐंशी वर्षांच्या आयुष्यात हे सगळं पाहिलं. लहानपणी राजदरबारात मराठी होती, म्हातारपणी फारसी. वाटेवर, बाजारात, जकातीच्या नाक्यावर परके शब्द कानावर पडत होते. आज आपण जीआर वाचताना अर्ध्या शब्दांना अडखळतो, तसं तेव्हाच्या माणसाचं झालं असणार.

आता जरा ज्ञानेश्वरीकडे. १२९० मध्ये नेवाशाला माउलींनी गीता मराठीत आणली. आपण रोज जे वाचतो ते भाषांतरच आहे, म्हणजे नुसतं भाषांतर नाही, पण संस्कृतातला अर्थ मराठी माणसाच्या घरात आणणं हे काम आहेच. तिथे समोर एक ग्रंथ होता, श्लोक ठरलेले होते, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत यायचं होतं. नामदेवांच्या हातात ग्रंथ नव्हता. त्यांना आपलेच अभंग दुसऱ्या भाषेत घालायचे होते असंही दिसत नाही. ते तिथे जाऊन नव्याने गायले.

ज्ञानदेवांच्या समाधीनंतर नामदेव पुन्हा उत्तरेला गेले आणि पंजाबात बरीच वर्षं राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांच्यामुळेच वसलं असं तिथले लोक मानतात. तिथेही त्यांची समाधी आहे. म्हणजे एक समाधी पंढरपुरात, एक घुमानमध्ये. दोन्हीकडचे भाविक आपापल्या जागी ठाम आहेत आणि मला त्या वादात पडायची इच्छा नाही.

पुढे १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात कबीर, रविदास, शेख फरीद यांच्यासोबत नामदेवांची ६१ पदं घेतली. मधे अडीचशे वर्षं गेलेली. तेवढा काळ ही पदं तोंडातोंडी आणि पोथ्यापोथ्यांतून टिकली, यावरूनच लोकांना ती किती आपली वाटत होती ते कळतं.

ही ६१ पदं मराठी माणसाने वाचायला घेतली की गंमत होते. लिपी गुरुमुखी, पण देवनागरीत उतरवलेली सहज मिळतात. आणि मग ओळी ओळखीच्या वाटायला लागतात. आसा रागातलं अंग ४८५ वरचं पद घ्या. (ग्रंथसाहिबाच्या पानाला पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात. एकूण १४३० अंगं.) त्यात आनीले हा शब्द येतो. आनीले म्हणजे आपलं आणिले! पंजाबीत असं कुणी म्हणत नाही. पुढच्या अंगावर ते आपला जन्म कुठल्या घरात दिला गेला ते सांगतात, तिथे दिला साठी दैला आहे. असे ल-कारान्त शब्द इतर पदांतही दिसतात. उत्तरेच्या काही पूर्वेकडच्या बोलींतही असा ल आहे हे खरं. पण त्याच्या बाजूलाच बीठल हे नाव येतं तेव्हा मला तरी शंका उरत नाही. बीठल म्हणजे कोण ते सांगायला नको.

म्हणजे नामदेवराय त्यांची भाषा बोलले, पण मराठी हेल ठेवून बोलले. लातूरचा माणूस पुण्यात वीस वर्षं राहूनसुद्धा एखाद्या वाक्यात पकडला जातो ना, तसं. आणि मला खरं कौतुक ऐकणाऱ्यांचं वाटतं. पद लिहून घेणाऱ्यांनी, पोथीत उतरवणाऱ्यांनी, ग्रंथात घेणाऱ्यांनी हे शब्द दुरुस्त केले नाहीत. आज एखादा मजकूर एडिटरकडे गेला की पहिल्यांदा हेच शब्द उडतील.

त्या अंग ४८५ वरच्या पदात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. देवाला आंघोळ घालायला घागरभर पाणी आणलं, तर त्या पाण्यात आधीच लाखो जीव राहतात, त्यांच्यात विठ्ठल आहेच. हार करायला फुलं आणली, तर भुंग्याने त्यांचा वास आधीच घेतलेला, त्या भुंग्यात विठ्ठल. खिरीला दूध आणलं, तर वासराने ते आधी उष्टं केलेलं, त्या वासरात विठ्ठल. मग पूजा कुणाची करू? ही औंढ्याची विसोबांची शिकवण आहे, पिंडी आणि पाय वगळून. पंजाबातल्या शेतकऱ्याला विसोबा कोण हे माहीत असायची गरज नाही. घागर, फूल आणि वासरू त्याच्याकडे आहेच.

आमच्या कामात याला लोकलायझेशन म्हणतात. ॲप दुसऱ्या देशात न्यायचं तर त्यातले सगळे शब्द एका फाइलमध्ये काढायचे आणि ट्रान्सलेटरकडे पाठवायचे. शब्द बदलून येतात. पण फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना तसाच राहतो, आणि जिथे आडनाव लावतच नाहीत तिथला माणूस त्या रकान्यापाशी अडकून बसतो. शब्दांचं भाषांतर झालं, फॉर्मचं झालंच नाही. नामदेवराय उलट्या बाजूने सुरू करतात. समोरच्याच्या घरात काय आहे ते आधी बघतात.

त्यांचं पतंगाचं पद तर मला फार आवडतं. अंग ९७२, राग रामकली. मुलगा कागद आणतो, कापून पतंग करतो, आकाशात सोडतो. मित्रांशी गप्पा चालू, पण चित्त दोरीत. बायका घागरी भरून येतात, हसतात, टाळ्या देतात, चित्त घागरीत. गाय पाच कोस लांब चरते, चित्त वासरात. आई घरातली दहा कामं करते, चित्त पाळण्यात. तसं माझं मन त्या नामात. पंजाबात वसंतपंचमीला आकाश पतंगांनी भरतं हे आपल्याला माहीत आहे. ही उपमा त्यांना पंढरपुरात सुचली की तिकडे, कोण जाणे. पण ती कुठेही कळते. ऑफिसात मीटिंग चालू असताना घरी तापाने पडलेल्या लेकराकडे ज्यांचं चित्त लागलेलं असतं, त्यांना तर टीपेची गरजच नाही.

स्वतःच्या धंद्याचंही त्यांनी असंच केलं. मन हा माझा गज आणि जीभ ही कात्री, त्यांनी यमाचा फास मापून कापत बसतो, अशा अर्थाचं एक पद आसा रागातच आहे. पुढे त्यात सोन्याची सुई आणि रुप्याचा दोराही येतो. त्याने चित्त हरीला शिवून टाकलं. आता गंमत अशी की आपल्याकडचा शिंपी तिकडे गेल्यावर छीपा झाला. छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटवणारा, रंगवणारा. नामदेवांनी स्वतःला तिकडचं जे जवळचं नाव होतं ते घेतलं. आज पंजाबातला छिंबा समाज नामदेवांना आपला मूळपुरुष मानतो. एका शब्दाच्या भाषांतराने एक अख्खा समाज नातेवाईक झाला.

आणि ती नैवेद्याची गोष्ट. ती ग्रंथसाहिबातही आहे, भैरव रागात. फक्त तिथे ताट नाही, दुधाची वाटी आहे. देव दूध पितो आणि नामा घरी येतो. पंढरपूरचा नैवेद्य पंजाबात दूध झाला. मला तर हे अगदी बरोबर वाटतं. तिकडच्या घरात पाहुणा आला की आधी काय पुढे करतात ते तिकडे गेलेल्यांना विचारा.

आता मात्र अवघड भाग.

तिलंग राग, अंग ७२७. इथे नामदेवांची दोन पदं आहेत आणि दोन्ही वाचून माणूस दचकतो. पहिल्यात ते देवाला करीम म्हणतात, रहीम म्हणतात, अल्ला म्हणतात. मी आंधळा, तुझं नाव ही माझी काठी, असा भाव आहे आणि देवाला हाक मारायला शब्द वापरलाय खुंदकारा, म्हणजे मालक. सरळ फारसी. दुसरं पद त्याहून पुढचं. समोरून कुणीतरी येतोय, छान पगडी बांधलेला, गोड बोलणारा. त्याला ते फारसीतच विचारतात की कुठून आलास, कुठे जातोस. ही द्वारका आहे, इथे खरं बोल. द्वारकेत मोगल कुठून आला? आणि मग ओळखतात, हा तर माझाच हरी. शेवटी त्याला नाव देतात मीर मुकुंद. एक शब्द दरबारातला, एक देवघरातला.

मोगल म्हटल्यावर आपल्याला अकबर-औरंगजेब आठवतात. पण बाबर यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. त्या काळात मोगल म्हणजे मंगोल. तेराव्या शतकाच्या शेवटी आणि चौदाव्याच्या सुरुवातीला त्यांच्या स्वाऱ्या पंजाबवर पुन्हापुन्हा होत होत्या. गावंच्या गावं उजाड झालेली. तिथल्या माणसाला मोगल हा शब्द ऐकून धडकी भरत असणार. आणि नामदेव त्याच पोशाखात देव उभा करतात. जिथे देव नसेल तिथे पाय ठेव, ही विसोबांची अट इथवर येऊन पोहोचली.

ही दोन पदं वाचून काही जण म्हणतात, बघा, नामदेवांना सगळी नावं सारखीच होती, कुठलंही घ्या. इतकं सोपं ते नाही. कारण अंग ११६५ वर आणखी एक पद आहे, नामदेवांच्याच नावचं. सुलतानाने नामदेवांना बांधून आणलंय. मेलेली गाय जिवंत कर, नाहीतर मान उडवतो. नामदेव म्हणतात, माझ्या केल्याने काही होत नसतं, जे होतं ते रामाच्या करण्याने. सुलतान चिडून हत्ती अंगावर सोडतो. तेव्हा नामदेवांची आई रडत येते. ती म्हणते, सोड ना राम, खुदा म्हण. ही आई आपल्या गाथेतल्या गोणाईसारखीच आहे, तिला देव कुठल्या नावाचा याच्याशी घेणं नाही, पोरगं जगलं पाहिजे. आणि नामदेव तिला सांगतात की मग मी तुझा मुलगा नाही आणि तू माझी आई नाहीस. पायांत बेडी, आणि मोकळ्या हातांनी ते टाळी देत नाम गातायत. लोक नामदेवांच्या भारंभार सोनं द्यायला येतात. सुलतान तेही नाकारतो, लाच घेतली तर दोजखात जाईन म्हणतो. शेवटी गाय उठते, दूध देते, आणि सुलतानाकडून नामदेव मागतात एवढंच की खरेपणाने वाग.

ज्या माणसाने स्वतःहून देवाला करीम-रहीम म्हटलं, तोच इथे खुदा म्हणायला तयार नाही. विरोधाभास वाटतो का? मला वाटत नाही. तिलंगमधे ते समोरच्या माणसाच्या शब्दात आपल्या देवाला हाक मारतायत, प्रेमाने, मजेने, पगडीची तारीफ करत. इथे तोच शब्द हत्तीच्या पायाखाली घालून मागितला जातोय. शब्द तोच, पण आता तो विठ्ठलाचं दुसरं नाव राहिला नाही, विठ्ठल सोडल्याची पावती झाला. ती पावती त्यांनी दिली नाही. आणि म्हणून राग धरून त्यांनी करीम हा शब्द टाकूनही दिला नाही. दोन्ही पदं एकाच ग्रंथात आहेत, दोन्ही त्यांच्याच नावावर. सोशल मीडियावर यातलं एकच पद शेअर होतं, ज्याला जे सोयीचं ते. मंडळी, वाचायची तर दोन्ही वाचा.

अभ्यासकांमधे एक जुना वाद आहे तोही सांगतो. पंढरपूरचे नामदेव आणि पंजाबचे नामदेव एकच का? मराठी गाथेतही विष्णुदास नामा नावाच्या नंतरच्या कवीची रचना मिसळली आहे, हे सगळे मान्य करतात. मराठी अभंगांतले नामदेव विटेवरच्या मूर्तीशी लाडाने भांडणारे, आणि ग्रंथसाहिबातले नामदेव मूर्तीपलीकडे बघणारे, म्हणून हे दोघे वेगळे असावेत असं काहींचं म्हणणं. मला हा पुरावा तोकडा वाटतो. आपण आईशी एका भाषेत बोलतो आणि कामावर दुसऱ्या. भाषा बदलली की माणूस थोडा बदलतोच. नामदेवांचं लाडाचं भांडण मराठीतच शोभतं, त्याला गोणाई लागते, पंढरपूरची पायरी लागते. परक्या गावात उभं राहून रुसता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की देगलूर-बिलोलीकडे घरात मराठी आणि बाजारात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, आणि नांदेड-लातूरच्या कुठल्याही चौकात दखनी. एका वाक्यात तीन भाषा येणं आमच्याकडे कुणाला खटकत नाही. ते फारसीचं पद पाहून माझ्या एका पुणेकर मित्राला ते नामदेवांचं वाटेना. मला लगेच वाटलं. आणि विठ्ठल तर स्वतःच कानडा. त्याच्या भक्ताने एकाच भाषेत राहावं असा आग्रह त्याने तरी कशाला धरावा?

१३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुस कोसळून चोखोबा गेले. ढिगाऱ्यात कितीतरी मजुरांची हाडं एकमेकांत मिसळलेली. नामदेव गेले आणि एकेक हाड कानाशी धरून ऐकत बसले. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची. ती पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. जिवंतपणी ज्याला आत येऊ दिलं नाही त्याला दारासमोर जागा मिळाली. नामदेवांना हे दार काय असतं ते माहीत होतं. अंग ११६४ वर ते स्वतःच सांगतात की हसत खेळत देवळात आलो आणि जातीवरून हात धरून बाहेर काढलं. घोंगडी उचलून ते देवळामागे जाऊन बसले, आणि देऊळ त्यांच्याकडे वळलं. आपल्याकडे ही गोष्ट औंढ्याची म्हणून सांगतात. ग्रंथसाहिबात गावाचं नाव नाही. त्यामुळे ती तिकडच्या कुठल्याही गावाची होते, आणि ज्या कुणाला असं बाहेर काढलं गेलं असेल त्याची होते.

त्यांच्या गोष्टींचा प्रवास नंतरही थांबला नाही. उत्तरेत नाभादासांनी भक्तमाळ लिहिली, त्यात नामदेव आले. मग ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये भक्तविजय लिहिला, तेव्हा नाभाजींचा आधार घेतला. म्हणजे मराठी माणसाची गोष्ट उत्तरेत जाऊन, तिकडच्या भाषेत मुरून, पुन्हा मराठीत आली. आपल्या आज्या भक्तविजयातून जे वाचायच्या त्यात किती आपलं आणि किती तिकडचं, हे आता वेगळं काढता यायचं नाही.

आणि पदं? तीही परत आली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी नांदेडला आले. गोदावरीच्या काठी त्यांनी देह ठेवला आणि त्याआधी ग्रंथसाहिबाला गुरूपद दिलं. तेव्हापासून ती ६१ पदं नांदेडात आहेत, नरसीपासून बैलगाडीच्या वाटेवर. महाराजा रणजितसिंगांनी सचखंडची आजची इमारत बांधली ती १८३२ ते १८३७ मध्ये. आपण नांदेडचे लोक लहानपणापासून तिथे लंगरला जेवलोय, पहाटे कीर्तन ऐकलंय, २००८ च्या गुरूतागद्दीच्या त्रिशताब्दीत शहराचे रस्ते बदलताना पाहिलेत. पण त्या कीर्तनात कधीतरी बीठल हा शब्द येऊन जातो, याकडे आपल्यातल्या किती जणांचं लक्ष असतं? २०१५ मध्ये घुमानला ८८ वं मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते सदानंद मोरे. तेव्हा दोन-चार महिने नामदेवांची खूप चर्चा झाली. मग ती विरली.

नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस रोज जाते. आमच्या गल्लीतल्या सरदारजी काकांना मी एकदा विचारलं होतं, की नामदेव तुमचे का आमचे. ते मराठीतच बोलतात, आमच्यासारखीच, लातूर-नांदेडची. त्यांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले की बाणी आहे ती, बाणी कुणाची असते का, आणि मला चहा प्यायला बसवलं.

आज वेळ मिळाला तर यातलं एक पद देवनागरीत काढा आणि मोठ्याने वाचा. पतंगाचं घ्या, पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते सोपं जातं. अर्थ लगेच कळला नाही तरी चालेल, चालीत वाचत रहा. उद्या परत आपली ज्ञानेश्वरी, बाराव्या अध्यायात जिथे थांबलो होतो तिथून.

राम कृष्ण हरी.